तुम्ही सोबत असता, म्हणून दिसत नाही

प्रश्न : मी ४१ वर्षांचा आहे. धाकटी बहीण रोज काहीतरी सांगते. कुणी मुद्दाम खांदा घासून गेलं, कुणी ‘जरा हस की’ म्हणालं, तिनं लक्ष दिलं नाही तर शिवी हासडली. मी तिच्याबरोबर कितीदा बाहेर जातो, पण एकदाही असलं काही पाहिलेलं नाही. ती राईचा पर्वत करते का?

उत्तर : नाही. तुम्ही बरोबर होतात, म्हणूनच तुम्हाला काही दिसलं नाही.

मी १९ वर्षांची असताना वडिलांबरोबर चालले होते. बुटाची नाडी बांधायला ते मागे थांबले, मी दहा पावलं पुढे गेले. समोरून येणारा माणूस माझ्या कानाशी तोंड आणून घाणेरडं पुटपुटला. वळून पाहिलं, तर तोच माणूस वडिलांना वाट देत शांतपणे निघून चालला होता. त्यांना तो सभ्यच वाटला असणार. मी घरी गेल्यावरही काही बोलले नाही, याची चुटपुट आजही आहे.

पुरुषांच्या वाट्याला हिंसा येत नाही, असं मी म्हणणार नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २०१९च्या अहवालानुसार जगभरात खून झालेल्यांपैकी ८१ टक्के पुरुष होते. तुमचीही कधी कुणी कॉलर धरली असेल. पण तिथे बहुतेक वेळा काहीतरी निमित्त असतं : गाडीचा धक्का, रांग, शब्दाला शब्द. तुमच्या बहिणीला नुसतं रस्त्यानं जाणं पुरतं. शिवाय हे शिवीवर थांबेल की तो मागे येईल, हे तिला त्या क्षणी कळत नाही. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ लिझ केली यांनी १९८८ मध्ये हेच मांडलं, की शेरेबाजीपासून बलात्कारापर्यंतचे अनुभव बाईच्या आयुष्यात एकमेकांना जोडलेले असतात. म्हणून ‘एवढंसं तर होतं’ हे वाक्य तिला लागतं.

तिच्या कानात इअरफोन असतात ना? गाणं चालू असतं का, विचारा एकदा. मी ज्या मुलींना विचारलं, त्यातल्या बऱ्याच जणी म्हणाल्या, आवाज बंदच असतो. मागची पावलं ऐकू यायला हवीत.

आज ती काही सांगायला लागली, तर ‘मग तू काय केलंस?’ हा प्रश्न गिळून टाका. त्यात तिला चौकशीचा वास येतो. नुसतं ‘मग?’ म्हणा, आणि तिचं बोलून होईपर्यंत मोबाइल बाजूला ठेवा.