राळेगावचा तलाव दमणच्या समुद्रात

प्रश्न : ताई, नमस्कार. आमच्या पाझर तलावातला गाळ काढण्याआधी आणि काढल्यावर, असे दोनदा ड्रोनने फोटो घेतले. पुण्याच्या ड्रोनवाल्याने सगळे जोडून एक मोठा जेपीजी पाठवला, सोबत जेजीडब्ल्यू नावाची चिमुकली फाइल. क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याच्याच सांगण्यावरून ३२६४३ हा कोड टाकला, तर तलाव अरबी समुद्रात! कडेला काळी पट्टीही दिसते. चार खुणा देऊन फोटो गावावर ओढून बसवू का?
– एक वाचक, राळेगाव तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, ओढू नका. ओढलात तर चांगला फोटो वाकडा होईल आणि मूळ चूक तशीच राहील.

जेजीडब्ल्यू नोटपॅडमध्ये उघडून बघा. फक्त सहा ओळी असतात. पाचवी आणि सहावी ओळ म्हणजे फोटोच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातल्या पिक्सेलची जागा, मीटरमध्ये. नकाशासाठी पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे उभे पट्टे, म्हणजे झोन, केलेले असतात आणि प्रत्येक झोनचं मोजमाप वेगळं सुरू होतं. पण हे मीटर कुठल्या झोनचे, ते त्या फाइलमध्ये कुठेच लिहिलेलं नसतं. या पद्धतीला यूटीएम म्हणतात. पुणे ४३ नंबरच्या यूटीएम झोनमध्ये येतं, त्यामुळे तिकडच्या मंडळींच्या बोटांना ३२६४३ ची सवय (शेवटचे दोन आकडे म्हणजे झोन). हा झोन ७८ अंश रेखांशाला संपतो, आणि ती रेषा नेमकी तुमच्या जिल्ह्यातून जाते. पुसद, दिग्रस ४३ मध्ये. यवतमाळ शहर, राळेगाव, वणी ४४ मध्ये. ४४ चे आकडे ४३ म्हणून वाचले की फोटो सहा अंश पश्चिमेला सरकतो, म्हणजे तुमच्याकडे सव्वासहाशे किलोमीटर. तलाव दमणच्या किनाऱ्यापासून तीसेक किलोमीटर आत बुडाला तो असा.

पडताळा सोपा आहे. पाचवी ओळ दोन लाख चाळीस हजारांच्या आसपास असेल तर झोन ४४. पुसदकडचा फोटो असता तर तिथे पावणेआठ लाखांच्या जवळचा आकडा दिसला असता.

आता लेयरवर राइट क्लिक करून ‘सेट लेयर सीआरएस’मध्ये (आकडे कुठल्या झोनचे ते सांगायची जागा) ३२६४४ द्या. ‘वॉर्प’ला हात लावू नका. पहिल्याने नुसती पाटी बदलते. दुसऱ्याने चुकीच्या पाटीवरून सगळे आकडे नव्याने मोजले जातात आणि समुद्रातला तलाव समुद्रातच पक्का होतो. यानंतरही सॅटेलाइट नकाशाशी दोन-तीन मीटरचा फरक दिसेल. तेवढ्यावरून आपला फोटो हलवू नका, सरकलेला तो नकाशाही असू शकतो. सांडव्याचा कोपरा जीएनएसएसने (उपग्रहांवरून जागा मोजणाऱ्या यंत्राने) मोजून ताडून बघा.

काळ्या पट्टीचं कारण जेपीजी. दाबून लहान करताना शुद्ध काळ्या पिक्सेलचा आकडा ० काही ठिकाणी १, २, ३ होतो, म्हणून ० ला ‘नो डेटा’ (रिकामी जागा, दाखवू नको) म्हटलं तरी ठिपके उरतात. असे जवळपास काळे पिक्सेलही धरणारं, रास्टर मेनूतलं ‘नियर ब्लॅक’ वापरा. त्यापेक्षा ड्रोनवाल्याकडून मूळ जिओटिफ (जागेची माहिती पोटातच असलेली फोटोची फाइल) मागून घ्या. त्यात झोनही लिहिलेला असतो.

नोंदीचं मात्र आजच करा. वर्ध्याकडच्या एका कालव्याचे फोटो मी एकदा ‘फायनल’, ‘फायनल २’ आणि ‘फायनल नवीन’ अशा नावांनी ठेवले होते. सहा महिन्यांनी साहेबांनी विचारलं, पावसाआधीचा कोणता? शेवटी पराटीची (कपाशीची) उंची बघून ठरवावं लागलं! (साहेबांना हे अजून माहीत नाही.) म्हणून फोटोशेजारी एक टेक्स्ट फाइल ठेवा : उड्डाणाची तारीख आणि वेळ, उंची, एक पिक्सेल किती सेंटिमीटरचा, कोड, जमिनीवरच्या खुणा किती आणि कशाने मोजल्या, फोटो कोणत्या सॉफ्टवेअरने जोडले. खाली एक ओळ आजच्या दुरुस्तीचीही : ‘आधी ३२६४३ दिला होता, तो चुकीचा, ३२६४४ केला. फोटो हलवलेला नाही.’ गाळ काढल्यानंतरच्या फोटोची पाचवी ओळही तपासा. त्यालाही बहुधा तोच कोड दिला असेल.