रिपोर्ट ‘नॉर्मल’ आहे, तरी नवी गाडी ऑइल खाते. मग ते ऑइल जाते कुठे?

तुमच्या प्रश्नाचा आशय असा आहे: २०२२ सालची बीएस-६ दहाचाकी गाडी, एक लाख वीस हजार किलोमीटर झालेली, दर दीड हजार किलोमीटरला साधारण एक लिटर ऑइल घालावे लागते, गाडीखाली थेंबही पडत नाही, सायलेन्सरमधून निळा धूर येत नाही, ऑइलचा नमुना तपासून घेतला तर सगळे आकडे ‘नॉर्मल’, आणि सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात की एवढे चालायचेच. मी कोल्हापूरचा आहे. शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्र्यांमधून निघणारे कास्टिंग पुण्याकडे पोहोचवणाऱ्या आमच्या घरच्या काही गाड्या आहेत आणि त्यांपैकी एका गाडीने मला दीड वर्ष हेच कोडे घातले होते. म्हणून सविस्तर लिहितो.

तुमचा रिपोर्ट चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही. पण तपासणीत इंजिनात उरलेल्या ऑइलची स्थिती कळते. जे निघून गेले ते कोणत्या वाटेने गेले, हे त्या कागदावर कुठेच नसते. त्यावर असतात ते झिजून ऑइलमध्ये उतरलेल्या धातूंचे आकडे: लोखंड मुख्यतः लायनर (सिलिंडरचे आतले अस्तर) आणि कॅमकडून येते, क्रोमियम पिस्टनवरच्या रिंगांकडून, ॲल्युमिनियम पिस्टनकडून, शिसे आणि तांबे बेअरिंगांकडून, आणि त्यांचे प्रमाण पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाखांत किती भाग, असे दिलेले असते. हे आकडे कमी असतील तर झीज कमी आहे, एवढाच त्याचा अर्थ. रिंगा झिजलेल्या नसतानाही इंजिन ऑइल खाऊ शकते. ऑइल रिंगेच्या खाचेत कार्बन बसून ती रिंग अडकली, किंवा गाडी नवी असताना तासन्‌तास उभ्या जागी इंजिन चालू ठेवल्यामुळे लायनरवरच्या होनिंगच्या, म्हणजे मुद्दाम घासून पाडलेल्या, तिरक्या रेघांवर काचेसारखा गुळगुळीत थर बसला, तर लोखंडाचा आकडा अगदी सज्जनासारखा राहतो आणि ऑइल मात्र वर चढून जळत राहते.

याहून महत्त्वाची एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. वरून घातलेले प्रत्येक लिटर तुमच्या रिपोर्टमधले आकडे पातळ करते. समजा, चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत, २० लिटर ऑइल बसते, दोन ऑइल बदलांमध्ये ३०,००० किलोमीटर होतात आणि तेवढ्या काळात थोडेथोडे करून तुम्ही आणखी २० लिटर घातले. ऑइल अजिबात न खाणाऱ्या इंजिनात लोखंड १०० पीपीएमपर्यंत चढले असते असे धरा. तुमच्या इंजिनात जाणाऱ्या ऑइलबरोबर काही लोखंडही बाहेर जाते आणि येणारे ऑइल कोरे असते, त्यामुळे तेवढीच झीज झालेली असतानाही आकडा ६३ च्या आसपास दिसेल. म्हणजे जी झीज एरवी ‘लक्ष ठेवा’ या रकान्यात गेली असती, ती ‘नॉर्मल’मध्ये बसते. टीबीएनचेही, म्हणजे ऑइल किती आम्ल मारू शकते त्या आकड्याचेही, तसेच आहे. नवे ऑइल येत राहिल्यामुळे ही ताकद टिकून असल्याचे चांगले चित्र दिसते. नमुन्याच्या बाटलीवरील चिठ्ठीवर ‘मधल्या काळात घातलेले ऑइल’ असा रकाना असतो, तो आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक जण कोरा सोडतो. तुमच्या चिठ्ठीवर तो भरला होता का, हे आधी पाहा. नसेल तर त्या रिपोर्टवरून इंजिन निरोगी आहे असा निष्कर्ष काढता येणार नाही.

निळा धूर नाही, यानेही समाधान मानू नका. बीएस-६ ट्रकांमध्ये धुराच्या वाटेवर बहुधा धूर जाळणारा ऑक्सिडेशन कॅटॅलिस्ट आणि त्यामागे डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर, असतो. जुन्या गाडीत जे निळे दिसले असते ते तिथे जळून किंवा अडकून जाते. ऑइलमधली राख मात्र जळत नाही. सीके-४ या डिझेल इंजिन ऑइलच्या दर्जात सल्फेटेड ॲशची, म्हणजे ऑइल जळल्यावर उरणाऱ्या राखेची, कमाल मर्यादा १ टक्का आहे. २० लिटर ऑइलचे वजन साडेसतरा किलोच्या आसपास भरते, म्हणजे ते सगळे सिलिंडरमधून गेले तर जास्तीत जास्त पावणेदोनशे ग्रॅम राख डीपीएफच्या वाट्याला जाऊ शकते. रीजनरेशनने, म्हणजे डीपीएफ तापवून साफ करण्याने, काजळी जळते, राख तशीच राहते. त्यामुळे ‘एवढे चालायचेच’ हे उत्तर मला या गाड्यांच्या बाबतीत पटत नाही.

आता मोजमापाकडे येतो, कारण बहुतेक घोळ इथेच असतो. आम्ही आवारातल्या काँक्रीटवर पुढच्या चाकांची जागा रंगाने आखून घेतली आहे. गाडी रात्रभर तिथेच उभी राहते आणि सकाळी इंजिन सुरू करण्याआधी डिपस्टिक पाहिली जाते. पंपावर उतारावर उभ्या गाडीत, इंजिन बंद करून दोन मिनिटांत पाहिलेली पातळी सहज लिटरभर चुकते आणि मग नको असलेले लिटर आत जाते. काही इंजिने वरच्या खुणेपर्यंत भरलेले जास्तीचे ऑइल ब्रीदरवाटे, म्हणजे चेंबरमधली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीवाटे, फेकून देतात आणि थोडे खाली आल्यावर स्थिर होतात. म्हणून पहिल्या टप्प्यात रोज खुणेपर्यंत भरण्याचा मोह टाळा. पातळी खालच्या खुणेच्या जवळ येईपर्यंत थांबा, तिच्या खाली मात्र जाऊ देऊ नका. ऑइल घालताना डबा वजनकाट्यावर ठेवून आधीचे आणि नंतरचे वजन लिहा. लिटरला साधारण ८७० ग्रॅम धरले तरी चालते. मग ते डिझेलशी ताडून पाहा: लिटरला चार किलोमीटर सरासरी असेल तर ३०,००० किलोमीटरला ७,५०० लिटर डिझेल लागते आणि २० लिटर ऑइल म्हणजे त्याच्या ०.२७ टक्के. गाडीच्या पुस्तकात कंपनीने जी मर्यादा दिली असेल तिच्याशी हा आकडा ताडा आणि त्याच भाषेत सर्व्हिस सेंटरशी बोला. ‘ऑइल फार खाते’ या वाक्याला उत्तर टाळता येते, वजनाच्या नोंदीला टाळता येत नाही.

आमच्या गाडीची हकीकत सांगतो. १,८०० किलोमीटरला एक लिटर जात होते. रिपोर्ट दोनदा स्वच्छ आला. सर्व्हिस सेंटरने रिंगा अजून बसायच्या आहेत असे सांगितले, पुढच्या खेपेला हेड उघडू म्हणाले. घरात कोणीतरी चालकावर संशय घेतला, डबे बाहेर विकले जात असतील असे बोलले गेले, आणि मी ते थांबवले नाही, याची मला आजही खंत आहे. आमचे ते ड्रायव्हरमामा बावीस वर्षे गाडीवर आहेत. एका सकाळी त्यांनी मला हाक मारली, हवेच्या टाकीखालची ड्रेनची कडी ओढली आणि समोर पुठ्ठा धरला. “मालक, पाणी नुसतं असं येतंय का बघा की,” एवढेच म्हणाले. पुठ्ठ्यावर चहाच्या सायीसारखा तपकिरी फेस उठला होता आणि बोटाने चोळल्यावर तो चिकट लागत होता. पाणी आणि इंजिन ऑइल एकत्र फेसाळले होते.

हवेच्या ब्रेकचा कंप्रेसर इंजिनाच्याच ऑइलवर चालतो, ही गोष्ट माहीत असूनही आम्हा कोणाच्या डोक्यात आली नव्हती. कंप्रेसरच्या रिंगा किंवा ऑइल परतीची वाट बिघडली की ऑइल हवेबरोबर पुढे ढकलले जाते, एअर ड्रायरपर्यंत येते, आणि ड्रायर दर वेळी ‘फुस्स’ करून पाणी बाहेर टाकतो तेव्हा तेही थेंबाथेंबाने रस्त्यावर उडते. गाडी उभी असते तिथे डाग पडत नाही, सायलेन्सरमधून धूर येत नाही आणि इंजिनातले आकडे शुद्ध राहतात. तुमची तिन्ही लक्षणे या एका वाटेत बसतात. आमच्या गाडीत मूळ कारण त्याहूनही साधे निघाले: मागच्या एका व्हॉल्व्हमधून हवा गळत होती, त्यामुळे कंप्रेसरला विसावाच मिळत नव्हता, तो सतत भरत राहून तापत होता आणि त्याच्या डिलिव्हरी पाइपात कार्बन साचून पेन्सिलीच्या जाडीचे भोक तेवढे उरले होते. गळती काढली, कंप्रेसर आणि पाइप बदलला, ड्रायरचे कार्ट्रिज नवे घातले. त्यानंतर सहा हजार किलोमीटरला एक लिटर लागू लागले आणि हेड उघडावे लागले नाही. हे काम पुढे ढकलू नका, एवढी विनंती आहे. ऑइल लागून ब्रेकच्या व्हॉल्व्हमधले रबर फुगते आणि आंबा घाटात किंवा करूळच्या उतारावर भरलेली गाडी ब्रेकच्याच जिवावर असते.

तुमच्या गाडीत पुठ्ठा कोरडा निघाला तर ब्रीदरकडे वळा. त्यातला ऑइल वेगळे करणारा सेपरेटर तुंबला असेल तर चेंबरमध्ये दाब वाढतो आणि ऑइल इनटेककडे किंवा टर्बोच्या सीलमधून बाहेर ढकलले जाते. टर्बोच्या अलीकडचा आणि पलीकडचा पाइप सोडून पाहा. इंटरकूलरच्या नळीत ऑइलचा पातळ थर असणे नैसर्गिक आहे, खाली साचलेले असेल तर नाही. कूलंटच्या एक्सपान्शन टाकीत तेलाचा तवंग असेल तर ऑइल कूलर तपासा. हे सगळे नीट निघाले तरच ब्लो-बायचा, म्हणजे रिंगांच्या बाजूने चेंबरमध्ये निसटणाऱ्या वायूचा, दाब मोजून घ्या आणि इंजेक्टरच्या जागेतून कॅमेरा घालून लायनर पाहा. व्हॉल्व्ह सील आणि रिंगांची पाळी त्यानंतरची.

एक फसवा प्रकारही ध्यानात ठेवा. रीजनरेशनच्या वेळी सिलिंडरमध्ये डिझेल उशिरा सोडणाऱ्या इंजिनांत थोडे डिझेल लायनरवरून चेंबरमध्ये उतरते. शहरात छोट्या खेपा असतील तर पातळी टिकलेली किंवा वाढलेलीच दिसते, आणि मग हायवेवर लांब पल्ल्याची गाडी तापली की डिझेल उडून जाते आणि ‘एका फेरीत दोन लिटर गेले’ असे वाटते. रिपोर्टमध्ये फ्युएल डायल्यूशन (ऑइलमध्ये मिसळलेले डिझेल) आणि १०० अंशांवरची व्हिस्कॉसिटी (ऑइलचा दाटपणा) पाहा. ४० ग्रेडच्या ऑइलसाठी ती १२.५ ते १६.३ सेंटिस्टोकच्या दरम्यान हवी. व्हिस्कॉसिटी त्याखाली गेली असेल तर आधी डिझेलचा माग काढा.

आपल्या भागासाठी सिलिकॉनचा रकाना विशेष जपून वाचावा लागतो. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, जिथे जिथे मोल्डिंगची वाळू हाताळली जाते तिथली हवा सिलिकाच्या बारीक धुळीने भरलेली असते, आणि ही धूळ इंजिनात शिरली तर लायनर आणि रिंगा दोन्ही खरवडते. सिलिकॉनबरोबर ॲल्युमिनियम आणि लोखंडही चढत असेल तर एअर फिल्टर किंवा त्याच्या पुढचा क्लॅम्प गळतो आहे. आम्ही फिल्टरच्या पलीकडच्या रबरी नळीत पांढरा रुमाल फिरवून पाहतो. त्यावर करडी रेघ उमटली की गाडी खेपेला जात नाही. फिल्टर पंक्चरच्या दुकानात हवा मारून साफ करण्याची सवयही सोडा, त्याने कागद फाटतो आणि ते डोळ्यांना दिसत नाही. नव्या इंजिनात नुसता सिलिकॉनच जास्त असेल तर तो बहुधा गॅस्केटच्या सीलंटचा असतो. नुसते तांबे जास्त असेल तर ते ऑइल कूलरमधून उतरत असू शकते आणि पुढच्या दोनतीन बदलांत आपोआप कमी होते.

पुढचा नमुना असा घ्या: इंजिन चालवून गरम झाल्यावर, नवे ऑइल घालण्याआधी, डिपस्टिकच्या नळीतून हातपंपाने ओढून किंवा ड्रेनची पहिली धार सोडून देऊन मधल्या धारेतून, कोरड्या स्वच्छ बाटलीत. त्याच बॅरलमधल्या कोऱ्या ऑइलचा नमुनाही सोबत पाठवा, म्हणजे तुलना कशाशी करायची ते कळेल आणि रस्त्यात कोणी वेगळे ऑइल मिसळले असेल तर ऑइलमध्ये मुळातच घातलेल्या कॅल्शियम-झिंकच्या आकड्यांतून तेही उघडे पडेल.

वॉरंटी चालू असेल तर सर्व्हिस सेंटरकडे ऑइल कन्झम्प्शन टेस्टची मागणी लेखी करा: ऑइल वजन करून भरायचे, प्लग आणि झाकण सील करायचे, ठरावीक किलोमीटरनंतर काढून पुन्हा वजन करायचे. तोपर्यंत हेड उघडायला संमती देऊ नका. हवेच्या टाकीपासून सुरुवात करा, आणि तीन फेऱ्यांची वजने, डिझेलचा हिशेब आणि त्या पुठ्ठ्याचा फोटो इथे टाका. रिपोर्टची प्रतही टाकलीत तर आकडे एकत्र बसून पाहता येतील.