धिप्पाड फॉरवर्डला कुणी धरायचं? : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात मी सहज एक वाक्य टाकलं होतं, की आडदांड स्ट्रायकरशी ताकद लावून भिडणारा स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, अर्धी मॅच तिथेच हरलेला असतो. त्यावर बरीच पत्रं आली, निम्म्यांनी मला वेड्यात काढलंय. त्यातली चार घेतोय. पाठवणाऱ्यांनी नावं छापू नका म्हटलंय, म्हणून फक्त गावं.

प्रश्न (पुणे) : आम्ही तिघं मित्र पक्के आर्सेनलवाले. मँचेस्टर सिटीचा स्ट्रायकर हालांड कसा थांबवायचा यावर आमचं कॉलेजपासून भांडण चालू आहे. एक म्हणतो आमच्या स्टॉपरने, गॅब्रिएलने, पहिल्या मिनिटालाच खांदा लावून दाखवायचं की आज काय वाढून ठेवलंय ते. दुसरा म्हणतो दोघांनी मिळून धरायचा, एक पुढे एक मागे. मी म्हणतो त्याच्याशी मारामारी कशाला, त्याच्यापर्यंत बॉल पोचतो तीच वाट बंद करा. हे दोघं मला पुस्तकी म्हणतात. बरोबर कोण?

उत्तर : निकाल तुझ्या बाजूने, पण लगेच पेढे वाटू नकोस.

22 सप्टेंबर 2024 ची सिटीच्या एतिहाद मैदानावरची तुमची मॅच आठव, ती 2-2 वाली. 9 व्या मिनिटाला हालांडने गोल केला त्यात धक्काबुक्की कुठे होती? सिटीच्या साविन्योने मधून पास सरकवला आणि हा पठ्ठ्या गॅब्रिएल आणि त्याचा जोडीदार स्टॉपर सालिबा यांच्या मधल्या फटीतून पळाला, संपलं. एक मीटर पंचाण्णव सेंटिमीटरचा माणूस दिसला की आपल्याला वाटतं ह्याची ताकद म्हणजे हेडिंग आणि खांदा, पण त्याचा खरा ताप म्हणजे तो पळतो कधी हे. तू खांदा लावायला जवळ गेलास की तुझ्या पाठीमागे जागा मोकळी, आणि त्याला तीच हवी असते. तेव्हा मित्र नंबर एकला सांग, त्या गोलच्या वेळी खांदा लावायला समोर कुणी नव्हतंच, तो निघून गेला होता.

आता त्याच मॅचचा दुसरा भाग. हाफटाइमच्या तोंडावर आर्सेनलच्या ट्रोसार्डला रेड कार्ड मिळालं, दहाजण उरले, आणि सगळी टीम आपल्या डीमध्ये, म्हणजे पेनल्टी बॉक्समध्ये, जाऊन बसली. पाठीमागे पळायला जागाच शिल्लक नाही म्हटल्यावर हालांडला पुढे काही जमलं नाही. तुझी थिअरी पास! पण बरोबरीचा गोल केला कुणी, सिटीच्या जॉन स्टोन्सने, 98 व्या मिनिटाला, डिफेंडरने. म्हणजे मोठ्या माणसाची वाट बंद केलीत आणि घरात शिरला दुसराच. (त्या रात्री तुम्ही तिघं काय बोललात ते छापण्यासारखं नसेल.)

दोघांनी धरायचं म्हणणाऱ्या मित्राला 2023 ची चॅम्पियन्स लीग परत बघायला लाव. सिटी आणि रियल मॅड्रिदच्या सेमीफायनलची पहिली लेग (दोन मॅचेसपैकी पहिली), 9 मे, मॅड्रिदचं बर्नाबेऊ मैदान, 1-1. मॅड्रिदचा स्टॉपर रुडिगर हालांडच्या अंगाला असा चिकटला होता की लग्नात नवरीला करवली चिकटत नसेल. लोक त्यातली फक्त झटापट लक्षात ठेवतात, पण नीट बघ, रुडिगर चिकटायचा तो बॉल यायच्या आधी, आणि पाठीमागे अलाबा कव्हरला असायचा. दोघं होते पण दोघं चिकटलेले नव्हते, एक अंगावर आणि एक दोन पावलं मागे मोकळा, हा फरक पार दिवस-रात्रीचा आहे. परतीच्या लेगला निलंबन संपवून मिलिताओ आला आणि रुडिगर बेंचवर बसला, मॅड्रिद 4-0 ने हरलं, आणि सगळे म्हणाले बघा रुडिगर नव्हता म्हणून. अरे पण त्या मॅचमध्येही हालांडचा गोल नव्हताच! पहिले दोन सिटीच्याच बर्नार्डो सिल्वाने मारले. पुढे इस्तंबूलला फायनल, इंटर मिलानकडून आचेर्बीने हालांडला जखडून ठेवलं, तिथेही गोल नाही, आणि रोड्रीच्या 68 व्या मिनिटाच्या गोलवर कप सिटीने नेला. सलग तीन मॅचेस हालांड कोरडा, आणि ट्रॉफी त्याच्या हातात. त्याच सीझनला प्रीमियर लीगमध्ये 36 गोल मारणारा माणूस नुसता उभा राहिला तरी दोन बॅक आपल्याकडे खेचून ठेवतो, मग मोकळं कोण सुटलं ते बघायला कोणालाच वेळ नसतो. म्हणून वाट बंद करायची ती हालांडपाशी नाही, पास देणाऱ्यापाशी. तिथे तुझं पुस्तक बरोबर आहे.

प्रश्न (कोल्हापूर) : मी पेठेतल्या टीममधनं स्टॉपर खेळतोय, उंची पाच फूट सात इंच. पुढच्या मॅचला समोर सहा फुटाच्या वरचा फॉरवर्ड हाय, मागच्या वेळी शाहू स्टेडियमवर त्यानं आमच्या गोलीच्या हातावरनं हेड घेतला. कट्ट्यावर रोज तीच चर्चा. थोरली मंडळी म्हणत्यात सुरुवातीलाच एकदा पाय टाक, म्हणजे थंड होतोय. काय करू?

उत्तर : भावा, पाय टाकू नको. कट्ट्यावरच्यांना काय, त्यांना पुढच्या मॅचला सस्पेन्ड थोडंच व्हायचंय. पाचव्या मिनिटाला यलो घेतलंस की उरलेली मॅच तू त्याला हात लावायला घाबरणार आणि ते त्याला बरोबर कळतं.

पहिलं म्हणजे उंचीचं रडगाणं सोड. फाबिओ कान्नावारो पाच फूट नऊ इंचाचा, तरी 2006 ला इटलीचा कॅप्टन म्हणून वर्ल्डकप उचलला आणि त्याच वर्षी बॅलन डी'ओर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा किताब, नेला, स्टॉपर असून. डॉर्टमुंडच्या सेमीफायनलला जर्मनीविरुद्ध अगदी शेवटी डेल पिएरोचा जो गोल झाला, त्याची सुरुवात बघ. आपल्या डीजवळ कान्नावारोने हेड करून बॉल काढला आणि तिथेच न थांबता पुढे धावत जाऊन परत तोच बॉल जिंकला. त्याची उडी चांगली होती हे खरं, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे बॉल कुठे पडणार ते त्याला समोरच्याच्या आधी कळायचं.

तुला त्याच्यापेक्षा उंच उडायचं नाहीये, त्याला नीट उडू द्यायचं नाहीये. उंच माणूस दोन पावलं पळत येऊन उडाला की तो हेड त्याचाच, मग देव आला तरी काही होत नाही. पण जागेवरून उडायला लागला तर त्याची निम्मी उंची वाया जाते. म्हणून बॉल हवेत असतानाच, तो उडायच्या आधी, त्याच्या पळायच्या वाटेवर जाऊन उभा राहा, बाजूने, अर्धं पाऊल पुढे. हात खाली. तुला फक्त तिथे असायचंय.

बॉल पायात आला आणि त्याची पाठ तुझ्याकडे असली तर पाठीवर रेलू नको, ही चूक मी स्वतः पाच वर्षं केली. कंपनी लीगमध्ये एक जण होता, मी त्याला मागून ढकलत बसायचो आणि तो माझ्याच अंगाचा टेकू घेऊन गर्रकन वळून निघून जायचा, एकदा तर मी तोंडावर पडलो आणि नाकाचं हाड गेलं, फाऊलपण माझाच. हातभर लांब राहा. टेकायला काही नसलं की त्याला बॉलकडे बघावं लागतं, मग वळायला वेळ लागतो, तेवढ्यात तुझा हाफ (मधल्या फळीतला) मागे येतो.

आणि हे तुझ्या एकट्याचं काम नाहीये हे टीमला आजच सांग. तो हेड जिंकणार, दहातले सहा जिंकणार, जिंकू दे. हेड केलेला बॉल पडतो कुठे, तिथे तुमचा माणूस हवा, तो सेकंड बॉल तुमचा झाला तर त्याच्या हेडचा उपयोग शून्य. साइड बॅकला सांग क्रॉस मारू द्यायचाच नाही, त्याने बाहेर थ्रो दिला तरी चालेल. लांबून फ्री किक असली की लाइन डीच्या बाहेरच धरा, बॉलला पाय लागेपर्यंत मागे सरकायचं नाही, कारण तो गोलपासून वीस यार्डांवर हेड मारतोय की सहा यार्डांवर यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. फक्त गोलकिकवर सावध राहा, गोलकिकवरून थेट आलेल्या बॉलला ऑफसाइड नसतो, तेव्हा तो मुद्दाम तुमच्या पाठीमागे जाऊन उभा राहील आणि तुम्ही हात वर करून रेफरीकडे बघत बसाल.

कॉर्नर उगाच देऊ नका. 2012 ची म्युनिकची चॅम्पियन्स लीग फायनल बघितलीस का? बायर्नला वीस कॉर्नर मिळाले, चेल्सीला अख्ख्या मॅचमध्ये एक. 88 वं मिनिट, माटाचा कॉर्नर, चेल्सीचा स्ट्रायकर द्रोग्बा जवळच्या पोस्टकडे धावत आला आणि हेड आत. पुढे पेनल्टीवर कपही चेल्सीने नेला, शेवटची पेनल्टी मारणारा परत तोच. तेव्हा जवळच्या पोस्टवर एक माणूस खुंटीसारखा रोवून ठेवा.

प्रश्न (मडगाव) : तुम्ही हालांड-बिलांड करताय, आम्ही फातोर्ड्याच्या स्टेडियमवर चर्चिल ब्रदर्सचा स्ट्रायकर ओडाफा पाहिलाय. त्याला धरणारा डिफेंडर गोव्यात जन्माला आला होता का?

उत्तर : खरं सांगायचं तर एकट्याने धरणारा नाही. ओडाफाने आय-लीगचे, म्हणजे देशातल्या क्लबांच्या लीगचे, पहिले तीन सीझन लागोपाठ सगळ्यात जास्त गोल मारले, बॉल घेऊन वळला की बॅक दरवाज्यासारखे उघडायचे. पण त्या तीन सीझनमध्ये चर्चिलने लीग जिंकली एकदाच, 2008-09 ला. आधीच्या आणि नंतरच्या वर्षी गोव्याच्याच देंपो क्लबने. देंपोच्या बॅकला महेश गवळी, समीर नाईक अशी शांत डोक्याची माणसं, आणि पुढे स्ट्रायकर रँटी मार्टिन्स, म्हणजे तुम्ही आमच्यावर दोन मारा, आम्ही तीन मारतो. कोच आर्मांदो कुलासोंच्या या देंपो टीमने ओडाफाची फार धास्ती घेतली असं मला कधी वाटलं नाही, बॉल आपल्याकडेच ठेवायचा, म्हणजे तो पन्नास यार्डांवर उभा राहून घाम पुसतोय. तुम्ही चर्चिलवाले दिसताय, रागावू नका.

प्रश्न (नाशिक) : कॉर्नरला सगळेच एकमेकांना धरतात. मग पेनल्टी कधी देतात? आमच्या रेफरीने आमच्याविरुद्ध दिली, धरलं होतं डीच्या बाहेर!

उत्तर : बाहेर धरलं आणि आत जाईपर्यंत सोडलंच नाही, असं झालं का? तसं असेल तर पेनल्टीच, नियमात स्पष्ट आहे. बाहेरच सोडलं असतं तर बाहेरून फ्री किक. कॉर्नरला दोघंही एकमेकांत अडकलेले असले की रेफरी सहसा आधी तंबी देतो, पण तुझी नजर बॉलवर नाही आणि मुठीत समोरच्याची जर्सी, हे चित्र दिसलं की तो शिट्टी मारतोच. तुमच्या स्टॉपरला विचारा, तेव्हा बॉल कुठे होता ते त्याला माहीत होतं का.