मिथेनॉलवर जगणाऱ्या जिवाणूत एकाच कामासाठी दोन जनुके कशासाठी?

मिथिलोबॅक्टेरियम एक्सटॉर्क्वेन्स या जिवाणूतून एमएक्सए-एफ हे जनुक काढले की त्याची मिथेनॉलवरची वाढ थांबते. मग त्याच्याशी सुमारे निम्मे साम्य असलेले झॉक्स-एफ हे दुसरे जनुक निरुपयोगी मानावे का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते तसे मानणे चूक ठरेल, कारण प्रयोगशाळेत जिवाणू वाढवण्यासाठी दीर्घकाळ वापरल्या गेलेल्या पोषक माध्यमातच एक घटक नव्हता.

दोन्ही जनुकांपासून मिथेनॉल डिहायड्रोजिनेज हे विकर (एन्झाइम) बनते. ते मिथेनॉलचे फॉर्माल्डिहाइडमध्ये रूपांतर करते आणि त्यासाठी पीक्यूक्यू हा सहघटक वापरते. मात्र एमएक्सए-एफच्या सक्रिय स्थानी कॅल्शियम बसतो, तर झॉक्स-एफला लॅन्थॅनम किंवा सेरियमसारखे दुर्मीळ मृदा मूलद्रव्य लागते. एमएक्सए-एफमध्ये जिथे ॲलनीन हे अमिनो आम्ल असते, तिथे झॉक्स-एफमध्ये ॲस्पार्टेट हे अमिनो आम्ल असते, आणि हा जादा ऋणभार त्या धातूला धरून ठेवतो. माध्यमात लॅन्थॅनम घातले, की एमएक्सए-एफ नसलेला जिवाणूही मिथेनॉलवर वाढतो.

याचा ठोस पुरावा इटलीतून आला. नेपल्सजवळील सोल्फातारा येथील ज्वालामुखीय चिखलातून मिळालेला मिथिलॲसिडिफिलम फ्युमारिओलिकम हा जिवाणू, माध्यमात त्याच चिखलाचे पाणी घातल्याशिवाय नीट वाढत नसे. त्या पाण्यातील आवश्यक घटक म्हणजे दुर्मीळ मृदा मूलद्रव्ये, हे 2014 साली प्रसिद्ध झाले. या जिवाणूकडे एमएक्सए-एफ नाहीच. त्याची सारी मदार झॉक्स-एफवर आहे.

नियमनाचा भाग मला याहूनही महत्त्वाचा वाटतो. लॅन्थॅनम उपलब्ध असताना एक्सटॉर्क्वेन्समध्ये एमएक्सए जनुकसमूहाची (ज्यात एमएक्सए-एफ येते) अभिव्यक्ती, म्हणजे त्या जनुकांचे काम, दबते आणि झॉक्स-एफची वाढते. उलट, लॅन्थॅनम नसताना या जिवाणूत असलेल्या झॉक्स-एफच्या दोन्ही प्रती काढल्या, तर एमएक्सए-एफ शाबूत असूनही जिवाणू मिथेनॉलवर वाढत नाही, कारण एमएक्सए समूह सुरूच होत नाही. म्हणजे धातूविना मिथेनॉलचे ऑक्सिडीकरण प्रत्यक्ष करत नसतानाही झॉक्स-एफ दुसऱ्या विकराच्या जनुकांवर नियंत्रण ठेवते. अशा प्रती काढलेल्या जिवाणूंत पुढे एमएक्सबी-डी या संवेदक प्रथिनाच्या जनुकात बदल झाला, की वाढ परत येते. त्यावरून हे नियंत्रण याच संवेदकाच्या मार्गाने जात असावे, असे मला वाटते.

आपण स्वतः प्रयोग करणार असाल, तर एमएक्सए-एफविरहित जिवाणू लॅन्थॅनम क्लोराइडसह आणि त्याविना, असा दोन्ही प्रकारे वाढवून पाहावा.