४५ संधींत १८ हिट : रेटिंग किती, नशीब किती?

प्रश्न : मॅडम, मी संगणकावर बेसबॉलचा सिम्युलेशन गेम खेळतो. रेटिंग (गेमने ठरवलेलं प्रत्येकाचं खरं कौशल्य) लपवलेली आहेत, दिसते फक्त खेळाडूंची आकडेवारी. माझ्या एका बॅटरची सरासरी, म्हणजे हिट (चेंडू मारून बेस गाठणं) भागिले ॲट-बॅट (फलंदाजीच्या संधी), ४५ ॲट-बॅटनंतर ०.४०० आहे. यावरून त्याचं खरं रेटिंग काढता येईल का?

उत्तर : एवढ्यावरून नाही. पण गंमत बघा, १९७० च्या मोसमात पहिल्या ४५ ॲट-बॅटनंतर अमेरिकी लीगमधला नामवंत बॅटर रॉबर्टो क्लेमेंटेही नेमका इथेच होता : १८ हिट, ०.४००. संख्याशास्त्र शिकवताना मी हे उदाहरण दरवर्षी घेते. ब्रॅडली एफ्रॉन आणि कार्ल मॉरिस या संख्याशास्त्रज्ञांनी त्या मोसमातले असे १८ बॅटर घेतले आणि प्रत्येकाची सरासरी सगळ्यांच्या मिळून आलेल्या सरासरीकडे, म्हणजे ०.२६५ कडे, ओढली. क्लेमेंटेचा अंदाज ०.२९ च्या आसपास आला. उरलेल्या मोसमात तो ०.३४६ खेळला. म्हणजे त्याच्यापुरता अंदाज बराच खाली गेला. तरीही अठरा जणांची मिळून वर्ग-चूक (चुकांच्या वर्गांची बेरीज) कच्च्या सरासरीच्या मानाने एक-तृतीयांशाहून कमी भरली. ही पद्धत मला मनापासून आवडते ती यासाठीच.

४५ संधींत ०.२७० चा बॅटर निव्वळ नशिबाने ०.०६६ इकडे-तिकडे सहज जातो. लीगभर बॅटर असताना एखादा ०.४०० ला पोचणारच.

म्हणून सरासरी बाजूला ठेवा आणि आधी स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद होणं) पाहा. तिथे चेंडू फिल्डरच्या हातात गेला की दोघांच्या मधून निसटला, हा प्रश्नच नसतो. (पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, बाबतीत हेच बेसबॉल-विश्लेषक वोरोस मॅक्क्रॅकन यांनी २००१ मध्ये मांडलं, तेव्हा केवढा वाद झाला होता!) लीगमधल्या सगळ्यांच्या स्ट्राइकआउटच्या प्रमाणाचं व्हेरियन्स (आकडे किती विखुरलेत त्याचं माप) काढा, त्यातून नशिबाचं व्हेरियन्स वजा करा. उरलं ते रेटिंगचं. समजा लीगची सरासरी २२ टक्के आणि उरलेलं प्रमाण विचलन (व्हेरियन्सचं वर्गमूळ) ५ टक्के. मग ०.२२ गुणिले ०.७८ ला ०.०५ च्या वर्गाने भागा, ६९ येतात. प्रत्येक बॅटरच्या खात्यात लीगच्या सरासरीच्या एवढ्या संधी मिळवायच्या. २०० संधींत ६० स्ट्राइकआउट असतील तर दिसायला ३० टक्के, अंदाज मात्र २८. हिटच्या सरासरीचं हेच गणित करून बघा. मिळवायच्या संधी कितीतरी जास्त निघतील.

गेममध्ये तोच मोसम पुन्हा चालवता येत असेल तर वय आणि रेटिंगमधले बदल बंद करून दहा वेळा चालवा. ५,००० ॲट-बॅट जमले की ०.०६६ ची ती चूक ०.००६ वर येते. मात्र तुमच्या बॅटरचं घरचं मैदान डेन्व्हरचं कूर्स फील्ड असेल, तर विरळ हवेत चेंडू लांब जातो, तेव्हा बाहेरच्या मैदानांवरचे आकडे वेगळे काढा. हे होईपर्यंत त्याचा ट्रेड (दुसऱ्या संघाशी अदलाबदल) नको.