बडी गायवरची डॉक्युमेंटरी ब्लूज कधीच न ऐकलेल्या माणसाने बघावी का? आधी काय ऐकून ठेवावं?

बघा की. दीड तासाच्या आत संपते, बराच वेळ बडी गाय, म्हणजे शिकागोचा म्हातारा ब्लूज गिटारवाला, स्वतःच बोलतो आणि बोलतो एकदम झकास, त्यामुळे ब्लूजचा, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या त्या गाण्याबजावण्याचा, गंध नसला तरी काही अडत नाही. 'द ब्लूज चेस द ब्लूज अवे', 2021 ची, अमेरिकेत पीबीएस या टीव्ही वाहिनीच्या 'अमेरिकन मास्टर्स' मालिकेत आलेली. एरिक क्लॅप्टन, सान्ताना, जॉन मेयर, गॅरी क्लार्क ज्युनियर असे एकेक नावाजलेले गिटारवाले येऊन कौतुक करून जातात, तेवढा भाग एकसष्टीच्या सत्कारासारखा वाटतो, तिथे उठून चहा टाकलात तरी चालेल.

आधी काय ऐकावं त्याच्यावर येतो. पण मी लिहायला बसलो ते चेस रेकॉर्ड्स या शिकागोच्या रेकॉर्ड कंपनीच्या प्रकरणामुळे, कारण त्यावर कोणीच नीट चिडत नाही. सगळे हसून सोडून देतात.

म्हणजे बघा, लुइझियानातल्या लेट्सवर्थचा माणूस, जन्म 1936 चा, आईवडील दुसऱ्याच्या जमिनीत वाट्याने कापूस पिकवणारे, पोरगा डासांच्या जाळीच्या तारा उपसून त्या ताणून वाजवणारा. 1957 च्या सप्टेंबरमध्ये शिकागोला आला. खिशात पैसे नाहीत, पोटात काही नाही, आणि तिथला बडा ब्लूज गायक मडी वॉटर्सने सॅंडविच खायला घातलं, ही गोष्ट तो हजार वेळा सांगून झालाय आणि अजूनही ऐकायला मजा येते. क्लबमध्ये वाजवायला लागला तेव्हा गिटार स्लिम नावाच्या जुन्या गिटारवाल्यासारखी लांबच लांब वायर घ्यायची, वाजवत वाजवत स्टेजवरून उतरून लोकांत घुसायचं, थेट दाराबाहेर रस्त्यावर, आणि अँप इतका वर की स्ट्रिंगला हात नाही लावला तरी फीडबॅक (अँपचाच आवाज गिटारमध्ये परत शिरून उठणारी शीळ) किंचाळत राहायचा. लोक खुळावायचे. आणि तोच माणूस चेसच्या स्टुडिओत शिरला की हे सगळं बंद, कारण मालक लिओनार्ड चेस म्हणायचा हा नुसता गोंगाट आहे. मग दुसऱ्यांच्या मागे वाजव. हाउलिंग वुल्फ या ब्लूज गायकाच्या 'किलिंग फ्लोअर' गाण्यावर दुसरी गिटार याची, पण चेसने याच्या स्वतःच्या नावाचा अल्बम काढला तो थेट 1967 ला, तोपर्यंत हा दिवसा बंद पडलेल्या गाड्या ओढून नेणारा ट्रक चालवत होता. तिकडे इंग्लंडातली पोरं याचंच ऐकून तोच गोंगाट करून पैसे छापत होती, जिमी हेंड्रिक्ससारखा नामी गिटारवाला 1968 ला न्यूयॉर्कमध्ये याला ऐकायला टेपरेकॉर्डर घेऊन आला होता. शेवटी चेसने याला बोलावून घेतलं, पाठ करून वाकला आणि म्हणाला लाथ घाल मला. असं बडी गाय सांगतो, आणि हसत सांगतो.

मला नाही हसू येत.

मी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचो. डोंबिवली, कल्याण, बदलापूर, गणपती-नवरात्र-सत्यनारायण, नंतर लग्नाच्या हळदीसुद्धा. आमचे मास्तर (नाव सांगत नाही, त्या लाइनीतले ओळखतील) ॲकॉर्डियनवाले, कान तयार, नोटेशन मुखोद्गत, आणि त्यांच्या मते गिटारने चॉप (तालावर तुटक कॉर्ड) द्यायचा आणि वाद्यांचा पीस आला की रेकॉर्डवर आहे तसाच्या तसा वाजवायचा, एक सूर इकडे नाही की तिकडे नाही. हे मला मान्य होतं, पाकीट त्याचंच मिळतं. पण एका नवरात्रीत पंचमदांच्या गाण्याला पब्लिक उठून नाचायला लागलं, गायकाने मला हात केला वाढव म्हणून, आणि मी आवाज फाडणारं ओव्हरड्राइव्ह पेडल दाबून अँपसमोर उभा राहिलो आणि एक सूर लावून ठेवला, तो धरला, फुटला, वर गेला, आणि खाली पोरं जी ओरडली ना. मास्तरांनी साउंडवाल्याला नुसती मान हलवली. फेडर, म्हणजे मिक्सरवरचं आवाजाचं सरकतं बटण, खाली. मी वाजवतोय, मॉनिटरमध्ये मला ऐकू येतंय, पण बाहेर माझी गिटारच नाही. ते कळलं तेव्हा गाणं संपत आलं होतं.

मध्यंतरात वडापाव खाताना मास्तर सगळ्यांसमोर म्हणाले, "हा गोंगाट घरी करायचा, लोक गाणं ऐकायला आलेत." मी म्हटलं मास्तर लोक नाचत होते. तर म्हणे लोक डीजेवरपण नाचतात.

हा वाद आमचा पुढे कित्येक वर्षं चालला. 2011 ला महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हल पहिल्यांदा भरला, वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत, आणि बडी गाय आला. मी गेलो होतो. म्हातारा वाजवत वाजवत गर्दीत शिरला, माझ्यापासून हातभर अंतरावरून गेला, सत्तरी पार केलेला माणूस, आणि तो आवाज! नंतर एका लग्नात मास्तर भेटले, मी मुद्दाम फोनवर त्याची एक क्लिप लावली, कानाशी धरली. पूर्ण ऐकली त्यांनी, मध्ये बोलले नाहीत, मला वाटलं आता काहीतरी कबूल करतात. फोन परत दिला आणि म्हणाले, "आवाज फाटतोय. स्पीकर बदलून घे."

आता काय बोलणार?

तर माझं म्हणणं असं की गिटारचा आवाज फाटतो तेव्हाच ती गायला लागते, आणि ज्याच्या हातात फेडर आहे त्याला हे नेहमी सगळ्यात शेवटी कळतं. चेसला तरी निदान कळलं. बडी गायच्या आयुष्यातली त्याच्यामुळे फुकट गेलेली वर्षं मात्र कोणी परत दिली नाहीत, ऐंशीच्या दशकात तर त्याच्याकडे धड रेकॉर्डिंगचा करारही नव्हता, खरी जगभर ओळख 1991 च्या 'डॅम राइट, आयव्ह गॉट द ब्लूज' या अल्बमने मिळाली, पन्नाशी उलटल्यावर. तुम्ही स्वतः काही वाजवत असाल तर डॉक्युमेंटरीतला हा भाग नीट बघा, आणि कोणी गोंगाट म्हटलं तर आधी समोरच्या लोकांकडे बघा, मास्तरांकडे नंतर.

हां, एक आहे, मी काही कायम मोठ्याने वाजवा म्हणत नाही. सहा-सात वाद्यं आणि वर गायक असताना गिटार बोंबलत राहिली तर शब्द ऐकू येत नाहीत, एवढं मास्तरांचं बरोबर. आणि बडी गायला हळू वाजवता येत नव्हतं असंही नाही. मडी वॉटर्सचा 1964 चा 'फोक सिंगर' अल्बम ऐका, त्यात साधी अकूस्टिक गिटार घेऊन याने इतकं दबक्या हाताने वाजवलंय की हाच तो गोंगाटवाला यावर विश्वास बसत नाही. मेहबूबमध्येसुद्धा तो मधेच इतका खाली यायचा की बडबडणारे गप्प व्हायचे. फक्त कधी खाली यायचं ते तो ठरवायचा.

तर आधी काय ऐकावं, 'फोक सिंगर' आणि लगेच 1991 वाला, या क्रमाने. मधलं चेसचं नंतर ऐकलंत तरी चालेल, ते ऐकताना मला तर सारखं वाटतं की काचेपलीकडे कोणीतरी बटण खाली ओढतंय. आणि फोनच्या स्पीकरवर लावू नका, हेडफोन घाला. नाहीतर तुम्हालाही वाटेल स्पीकर गेलाय.