लॅटिनमध्ये 'माझा तुझ्यावर विश्वास आहे': 'क्रेदो ते' की 'क्रेदो तिबि'?

अंगठीच्या आत कोरायचं आहे म्हणताय, तर सोनाराकडे जाण्याआधी विचारलंत ते बरं केलंत. दोनांतलं बरोबर 'तिबि'.

माझ्या पहिल्याच स्वाध्यायात मी 'ते' लिहिलं होतं, त्याखाली लाल रेघ आली. 'ते' म्हणजे तुला, द्वितीया, 'तिबि' चतुर्थी. 'क्रेदो'ला ज्याच्यावर विश्वास ठेवायचा तो चतुर्थीतच लागतो. रोमन कवी व्हर्जिलच्या 'एनिड' या महाकाव्यात दुसऱ्या सर्गात ट्रॉयचा पुजारी लाओकोऑन ग्रीकांनी ठेवलेला लाकडी घोडा बघून ओरडतो, 'एक्वो ने क्रेदिते, तेउक्री': ट्रॉयकरांनो, या घोड्याचा भरवसा धरू नका. द्वितीयेत घोडा 'एक्वुम' झाला असता. 'एक्वो' म्हणजे संस्कृतातलं 'अश्वाय'.

शाळेत संस्कृत घेतलं असेल तर हे पटकन पटेल, कारण 'क्रेदो' आणि 'श्रद्धा' एकाच मुळाचे. श्रद् अधिक धा, आणि धा म्हणजे ठेवणे (मराठीतही आपण विश्वास 'ठेवतो'च की!). ऋग्वेदात २.१२.५ मध्ये इंद्राविषयी 'श्रदस्मै धत्त' असं आहे. 'अस्मै', चतुर्थी! शिवाय ते 'श्रद्' आणि 'धत्त' यांच्या मधोमध बसलंय, म्हणजे तेव्हा हे दोन तुकडे अजून सुटे होते. लॅटिनमध्ये ते असे चिकटले की सांधा दिसत नाही.

याच क्रियापदाचा दुसरा अर्थ सोपवणे, उसने देणे. तेव्हा पैसे द्वितीयेत आणि घेणारा चतुर्थीत. बँकेतलं 'क्रेडिट' तिथलंच.

पण खरं सांगू? अंगठीसाठी मी 'क्रेदो' घेणार नाही. 'क्रेदो तिबि'चा पहिला अर्थ 'तू म्हणतेस ते मला खरं वाटतं' असा निघतो. भांडण मिटवताना ठीक आहे. माणसावरच भिस्त आहे असं म्हणायचं तर 'फीदो' किंवा त्याचंच जोरकस रूप 'कोन्फीदो'. माणूस इथेही चतुर्थीतच, म्हणून 'तिबि कोन्फीदो'.

हे क्रियापद जरा विक्षिप्त आहे. वर्तमानात सरळ चालतं, पण भूतकाळात कर्मणी रूपाचा वेश घेतं: 'फीसुस सुम' म्हणजे 'मी विश्वास ठेवला', 'माझ्यावर ठेवला गेला' नव्हे. बोलणारी बाई असेल तर 'फीसा सुम'. तुम्हाला वर्तमानच हवाय, तेव्हा त्या भानगडीत पडू नका. 'तिबि कोन्फीदो'ची रोमन लिपीत ११ अक्षरं होतात, अंगठीत आरामात मावतील.